गुझलाच्या मागावर: स्लाव्हिक साहित्यांमधले दुवे शोधू पाहणाऱ्या नव्या अभ्यासकांसाठी

१८२७ साली स्ट्रासबूर्गमध्ये 'ला गुझला' नावाचं एक छोटं फ्रेंच पुस्तक निघालं. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं. डाल्मेशिया, बोस्निया, क्रोएशिया या भागांतली लोकगीतं गोळा करून फ्रेंच गद्यात आणली आहेत, असं त्यात म्हटलं होतं. गुझला, म्हणजे तिकडचं गुस्ले, हे गजाने वाजवायचं एकतारी वाद्य. ते वाजवत लांबलचक वीरगाथा गाणाऱ्या यासिंत माग्लानोविच नावाच्या एका शाहिराचं चित्र पुस्तकात होतं. त्याचं चरित्र आणि गाण्यांखाली तळटिपाही होत्या. पोलिश कवी आदाम मित्स्क्येविच याने त्यातल्या एका गीताचं पोलिशमध्ये रूपांतर केलं. पुश्किनने तर अकरा गीतं रशियनमध्ये आणली.

माग्लानोविच नावाचा शाहीर कधी जन्मलाच नव्हता. ती गाणी प्रोस्पेर मेरिमे या तरुण फ्रेंच लेखकाने पॅरिसमध्ये बसून रचली होती.

स्लाव्हिक साहित्यांच्या परस्परसंबंधांवर काम सुरू करू इच्छिणाऱ्या मराठी मुलामुलींना मी सगळ्यात आधी हे प्रकरण सांगते. या विषयात पाय कुठे घसरतो आणि कुठे टेकवता येतो, ते दोन्ही यात दिसतं. पुढच्या पायऱ्यांमध्ये आपण अधूनमधून याच पुस्तकाकडे परत येऊ.

पहिली पायरी: भाषा

अनुवाद वाचून हा विषय करता येत नाही. निदान एक स्लाव्हिक भाषा चांगली यायला हवी आणि दुसरी शब्दकोश हाताशी धरून वाचता यायला हवी. भाषांचे तीन गट आहेत. रशियन, युक्रेनियन आणि बेलारूसी या पूर्वेकडच्या. पोलिश, चेक, स्लोव्हाक आणि सोर्बियन या पश्चिमेकडच्या. स्लोव्हेन, क्रोएशियन, सर्बियन, बोस्नियन, माँटेनेग्रिन, मॅसेडोनियन आणि बल्गेरियन या दक्षिणेकडच्या. तुमच्या दोन भाषा वेगवेगळ्या गटांतल्या असतील तर पुढे विषय निवडायला मोकळीक राहते.

मराठी माणसाला इथे जन्मजात फायदा आहे आणि तो वापरलाच पाहिजे. आपल्याला तीन लिंगं सवयीची आहेत, स्लाव्हिक भाषांमध्येही तीनच आहेत. विभक्ती आपण शाळेत घोकलेल्या असतात. पोलिश आणि चेकमध्ये सात आहेत, त्यात संबोधनसुद्धा आहे. 'मुलांनो' म्हणताना आपण शब्दाचं रूप बदलतो, तसंच प्रागमधला माणूस मित्राला हाक मारताना नावाचं रूप बदलतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला जे डोंगराएवढं वाटतं, त्यातलं निम्मं आपल्या घरातच आहे. बल्गेरियन आणि मॅसेडोनियन मात्र वेगळ्या वाटेने गेल्या. त्यांच्या नामांच्या विभक्ती जवळजवळ गळून पडल्या आहेत आणि निश्चित उपपद (इंग्रजी 'द'सारखं) शब्दाच्या शेवटी चिकटतं.

शिकायचं कुठे? रशियनसाठी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, मुंबई विद्यापीठाचा रशियन विभाग कालिन्याला आहे. रशियनपलीकडे जायचं तर दिल्ली विद्यापीठाचा स्लाव्होनिक आणि फिनो-उग्रियन विभाग बघा. तिथे पोलिश, चेक, बल्गेरियन आणि सर्बियन-क्रोएशियनही शिकवतात. भाषेचा पाया थोडा बसला की उन्हाळी शाळांना अर्ज करा. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाची स्लाव्हिक अभ्यासाची उन्हाळी शाळा, ब्रातिस्लाव्हाची 'स्टुडिया अकादेमिका स्लोव्हाका', ल्युब्ल्यानाचा स्लोव्हेन भाषा-साहित्याचा परिसंवाद आणि ओख्रिदचा मॅसेडोनियन परिसंवाद या नावाजलेल्या आहेत. पोलंडसाठी 'नावा' ही तिथली शैक्षणिक देवाणघेवाणीची सरकारी संस्था आहे. शिष्यवृत्तीच्या अटी दरवर्षी बदलतात, म्हणून त्या संस्थेच्याच संकेतस्थळावर वाचा. कोणाच्या सांगण्यावर विसंबू नका.

आणखी एक भाषा लागते, तिचा विचार सुरुवातीला कोणी करत नाही. ती म्हणजे जर्मन, नाहीतर फ्रेंच. कारण चौथ्या पायरीवर कळेल.

दुसरी पायरी: साम्य दिसलं, आता प्रश्न करा

नवा अभ्यासक बहुतेक वेळा असा विषय घेऊन येतो: 'शेवचेंको आणि कोल्लार यांच्या काव्यातील साम्ये'. यात अजून प्रश्न नाही. साम्य कुठल्याही दोन कवींमध्ये सापडतं.

तारास शेवचेंको या युक्रेनियन कवीने १८४५ मध्ये यान हुस या चेक धर्मसुधारकावर 'येरेतिक', म्हणजे 'पाखंडी', नावाचं दीर्घकाव्य लिहिलं. ते त्याने पावेल योझेफ शफारिक या स्लोव्हाक विद्वानाला अर्पण केलं. अर्पणाच्या ओळींत तो शफारिकचा जयजयकार करतो, कारण त्याने स्लाव्ह नद्या एका समुद्रात आणल्या. इकडे यान कोल्लार या दुसऱ्या स्लोव्हाक कवीचं 'स्लावी द्त्सेरा' हे सुनीतकाव्य १८२४ मध्ये आलं. त्याचे सर्ग नद्यांच्या नावांचे आहेत: साला, लाबे, डॅन्यूब. नद्या इथेही आहेत आणि तिथेही. मग शेवचेंकोने ही प्रतिमा कोल्लारकडून घेतली का?

आता प्रश्न तयार झाला. त्याला तीन उत्तरं असू शकतात आणि प्रत्येकासाठी वेगळा पुरावा लागतो. पहिलं उत्तर, प्रत्यक्ष संपर्क: त्याने ते वाचलं, किंवा वाचलेल्या कोणाकडून ऐकलं. दुसरं, समान वारसा: दोघांनी एकाच जुन्या स्रोतातून घेतलं. तिसरं, समान परिस्थिती: स्वतःचं राज्य नसलेल्या, मोठ्या साम्राज्यात राहणाऱ्या दोन समाजांच्या कवींना एकाच काळात एकसारखं सुचलं. व्हिक्तोर झिर्मुन्स्की या रशियन अभ्यासकाने या तिसऱ्या प्रकाराचा खूप खोलात विचार केला. द्योनिझ ड्युरिशिन या स्लोव्हाक अभ्यासकाने संपर्कातून आलेले संबंध आणि प्रकारसाम्य (म्हणजे संपर्काशिवाय आलेलं साम्य) यांची नीट फोड केली, आणि पुढे 'आंतरसाहित्यिक समुदाय', म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या साहित्यांचे गट, ही कल्पना मांडली. ड्युरिशिन सुरुवातीलाच वाचा. तो अवघड आहे, तरी त्याच्यामुळे पुढची बरीच भटकंती वाचते.

तुमचा प्रश्न एका वाक्यात, कर्ता-कर्म-क्रियापदासह लिहिता येत नसेल तर तो अजून पिकलेला नाही. 'पुश्किनने मेरिमेच्या गद्याला सर्बियन लोकगीतांसारखी लय कुठून आणून दिली?' हा पिकलेला प्रश्न आहे.

तिसरी पायरी: संहिता कोणती, आवृत्ती कोणती

पुश्किनच्या त्या गीतमालेचं नाव आहे 'पेस्नी झापाद्निख स्लाव्ह्यान', म्हणजे 'पश्चिम स्लाव्ह लोकांची गीतं'. माझ्या अगदी पहिल्या टिपणात मी यावरून ही पोलिश-चेक गीतं असावीत असं गृहीत धरलं होतं. ती चूक एका वडीलधाऱ्या प्राध्यापकांनी शांतपणे दाखवली आणि मग मी सगळं पुन्हा वाचलं. गीतं आहेत दक्षिण स्लाव्ह प्रदेशांतली. आपण आज वापरतो तो 'पश्चिम' आणि 'दक्षिण' हा काटेकोर भेद पुश्किनच्या शीर्षकात नाही. आजची वर्गवारी जुन्या शब्दावर लादू नये, हे मी तिथे शिकले.

मालेत सोळा गीतं आहेत. अकरा 'ला गुझला'तून आलेली आहेत. दोन वूक काराजिच या सर्बियन संग्राहकाच्या खऱ्या लोकगीतसंग्रहातून घेतली आहेत, आणि तीन पुश्किनची स्वतःची मानली जातात. म्हणजे एकाच शीर्षकाखाली बनावट, अस्सल आणि स्वतंत्र असा तीन प्रकारचा माल शेजारी शेजारी आहे. निवडक पुश्किन वाचणाऱ्याला हे दिसत नाही. त्यासाठी टिपांसह असलेली चिकित्सक आवृत्ती लागते, आणि शक्य तर पहिल्या प्रकाशनाची छायाप्रतही. १८३५ मध्ये ही गीतं आधी मासिकात आली. मग त्याच वर्षी पुस्तकात आली तेव्हा पुश्किनने प्रस्तावना जोडली आणि तिच्यात मेरिमेचं कबुलीपत्र छापलं. मासिकाच्या वाचकापुढे ही कबुली नव्हती, पुस्तकाच्या वाचकापुढे होती. स्वागताचा, म्हणजे वाचकांनी ती संहिता कशी घेतली याचा, अभ्यास करणार असाल तर एवढ्या फरकावर एक छोटा निबंध उभा राहतो.

संहितेच्या बाबतीत नियम साधा आहे. ज्या आवृत्तीतून उतारा घेतला तिचं वर्ष, गाव आणि पान त्याच क्षणी टिपून ठेवा. नंतर सापडत नाही.

चौथी पायरी: मधला हात

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

दोन स्लाव्हिक साहित्यांमधला रस्ता क्वचितच सरळ असतो. मध्ये एखादी तिसरी भाषा असते, एखादं मासिक असतं, एखादा प्राध्यापक असतो. 'हसनआगिनित्सा' या बोस्नियाच्या मुस्लिम परंपरेतल्या गाथेचा प्रवास बघा. आल्बेर्तो फोर्तिस या इटालियन प्रवाशाने १७७४ मध्ये डाल्मेशियाच्या प्रवासवर्णनात ती मूळ भाषेत आणि इटालियनमध्ये छापली. तिथून गटेने ती जर्मनमध्ये आणली आणि हेर्डरने १७७८ मध्ये आपल्या लोकगीतसंग्रहात घेतली. मेरिमेच्या 'ला गुझला'तही ती आहे. बनावट गाण्यांच्या ढिगात हे एक अस्सल. आणि पुश्किनने तिचं भाषांतर सुरू करून अर्धवट सोडलं. सर्बो-क्रोएशियन प्रदेशातून निघालेली गाथा रशियन कवीच्या टेबलावर पोचेपर्यंत इटली, जर्मनी आणि फ्रान्स फिरून आली. जर्मन किंवा फ्रेंच यावी असं मी म्हटलं ते यासाठी.

मराठी वाचकाला ही गोष्ट आतून कळते. टॉलस्टॉय, चेखव, गॉर्की आपल्याकडे बरेचसे इंग्रजीच्या हातून आले. मराठीतली चेखवची एखादी कथा वाचताना रशियन मूळ आणि मराठी यांच्यामध्ये एक इंग्रज अनुवादक उभा असू शकतो, हे आपल्याला माहीत असतं. हीच शंका पुश्किनबद्दल आणि मित्स्क्येविचबद्दल घ्यायची.

आता शेवचेंकोकडे परत जाऊ. त्याच्यापर्यंत शफारिक पोचला कसा? इथे ओसिप बोद्यान्स्की हे नाव येतं. जन्माने युक्रेनियन, मॉस्कोमध्ये प्राध्यापक, प्रागला जाऊन शफारिकला भेटलेला आणि त्याच्या 'स्लाव्हिक पुरातने' या ग्रंथाचा रशियन अनुवादक. शेवचेंकोची त्याच्याशी ओळख होती. एका माणसात चार दुवे आहेत. म्हणून मोठ्या दोन लेखकांच्या मधल्या माणसाचा पत्रव्यवहार शोधा. अनुवादक, संपादक, ग्रंथपाल, शिक्षक. व्हिएन्नाच्या राजग्रंथालयातला स्लोव्हेन विद्वान येर्नेय कोपितार हा असाच मधला हात. काराजिचला लोकगीतं आणि शब्दकोशाच्या कामाला त्यानेच लावलं. कोपितार नसता तर गटेपर्यंत सर्बियन गाणी पोचली असती का, हा प्रश्न मला अजूनही ओढतो.

पुराव्याची उतरंड ध्यानात ठेवा. लेखकाने स्वतः नाव घेतलं असेल तर सगळ्यात चांगलं. पुश्किनच्या 'ब्राँझचा घोडेस्वार' या काव्याच्या टिपांमध्ये मित्स्क्येविचचं नाव सरळ आलं आहे. मित्स्क्येविचने 'द्झ्यादी' या आपल्या नाटकाच्या तिसऱ्या भागाला जोडलेल्या पीटर्सबर्गवरच्या कवितांना ते काव्य उत्तर देतं, हे सांगायला तर्क लढवावा लागत नाही. त्याखालचा पुरावा म्हणजे पत्रं आणि डायऱ्या. त्याखाली लेखकाच्या घरातली पुस्तकं. पुश्किनच्या ग्रंथसंग्रहाची यादी मोद्झालेव्स्की यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केली. अशी यादी हाताला लागली तर आधी ती वाचा. त्याखाली त्या काळात त्या शहरात काय छापलं आणि विकलं जात होतं ते. अगदी तळाला शब्दांचं साम्य. नवे अभ्यासक तळापासून सुरू करतात आणि तिथेच थांबतात.

कधी वाट उलटी असते. येव्गेनी झाम्यातिनची 'आम्ही' ही रशियन कादंबरी रशियात छापू दिली नाही. ती १९२४ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आली, १९२७ मध्ये चेकमध्ये आली आणि त्याच वर्षी प्रागच्या एका निर्वासित रशियन मासिकात तिचे काही भाग मूळ भाषेत आले. प्रागला त्या दशकात रशियन, युक्रेनियन आणि बेलारूसी निर्वासितांची मोठी वस्ती होती. मारिना त्स्वेतायेवाने 'डोंगराचं काव्य' आणि 'शेवटाचं काव्य' तिथेच लिहिलं. दोन महायुद्धांमधलं प्राग हा तरुण संशोधकासाठी सोन्याचा पट्टा आहे. मासिकं उपलब्ध आहेत, माणसं ओळखीची आहेत, आणि रोमन याकोबसनसारखे भाषाशास्त्रज्ञ त्याच शहरात होते.

पाचवी पायरी: अस्सल की बनावट

मेरिमेने गंमत म्हणून केलं. चेक भूमीत मात्र हे फार गंभीरपणे झालं. १८१७ आणि १८१८ मध्ये द्वूर क्रालोवे आणि झेलेना होरा या ठिकाणांच्या नावाने दोन 'प्राचीन' चेक हस्तलिखितं पुढे आली. त्यामागे वात्स्लाव हांकाचा हात होता असं आज मानलं जातं. हांकाचेच गुरू योसेफ दोब्रोव्स्की यांनी १८२४ मध्ये झेलेना होराचं हस्तलिखित खोटं असल्याचं जाहीरपणे म्हटलं. पण त्या कविता चेक राष्ट्रभावनेत इतक्या रुजल्या होत्या की १८८६ मध्ये यान गेबाउअर आणि तोमाश मासारिक यांनी त्यांची चिकित्सा केली तेव्हा मोठं वादळ उठलं. हाच मासारिक पुढे चेकोस्लोव्हाकियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

अभ्यासकासाठी बनावट संहिता टाकाऊ नसते. तिचे अनुवाद झाले, तिने कवींना प्रेरणा दिली, तो परिणाम खरा आहे. फक्त 'प्राचीन चेक काव्याचा प्रभाव' असं लिहू नका, 'एकोणिसाव्या शतकातल्या रचनेचा प्रभाव' असं लिहा. उलटी बाजूही आहे. 'इगोरच्या स्वारीची गाथा' ही पूर्व स्लाव्हांची जुनी वीरगाथा १८०० मध्ये छापली गेली, तिचं हस्तलिखित १८१२ च्या मॉस्कोच्या आगीत गेलं आणि तेव्हापासून तिच्या अस्सलपणावर वाद चालला. आंद्रेय झालिझ्न्याक या रशियन भाषाशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये भाषेच्या बारीक पुराव्यांवरून ती अस्सल असल्याचं दाखवलं. त्यांचं काम पद्धतीचा धडा म्हणून वाचा.

सहावी पायरी: हा लेखक कोणाचा?

शफारिक जन्माने स्लोव्हाक. नोवी सादच्या सर्बियन शाळेचा तो अनेक वर्षं मुख्याध्यापक होता, नंतर प्रागला स्थायिक झाला आणि त्याने जर्मन व चेकमध्ये लिहिलं. ल्युबेन काराव्हेलोव्ह बल्गेरियन, पण त्याने रशियन आणि सर्बियनमध्येही कथा लिहिल्या. इव्हान वाझोव्हने 'जोखडाखाली' ही बल्गेरियनची मोठी कादंबरी ओडेसात लिहिली. गोगोल रशियन की युक्रेनियन, हा वाद तर जुनाच आहे. एका देशाच्या खात्यात त्यांना टाकायची घाई करू नका. लेखक कोणत्या भाषेत, कोणत्या शहरात, कोणत्या वाचकांसाठी लिहीत होता ते नोंदवा.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते. हा विषय अनेक दशकं रशियन मध्यभागी ठेवून शिकवला गेला आणि बाकीची साहित्यं कडेला राहिली. २०२२ पासून युक्रेनवर चाललेल्या युद्धाने हा प्रश्न जगभरच्या विभागांमध्ये तातडीचा केला आहे. आपणही इकडे रशियन आधी शिकतो. म्हणून युक्रेनियन, बेलारूसी किंवा स्लोव्हाक लेखक रशियन अनुवादातून आणि रशियन टीकाकारांच्या चष्म्यातून वाचण्याची सवय आपल्याला सहज लागते. ती सवय पहिल्या वर्षीच मोडा.

सातवी पायरी: साहित्य मिळवायचं कुठून

भारतात बसून पुष्कळ मिळतं. पोलिश राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'पोलोना', चेक ग्रंथालयांचं 'क्रामेरिउस', स्लोव्हेनियाचं 'डीलिब', क्रोएशियन नियतकालिकांचं 'ह्र्चाक', युक्रेनियन पुस्तकांचं 'च्तिवो'. जुनी फ्रेंच पुस्तकं 'गालिका'वर आहेत. शब्दांचे समांतर अनुवाद बघायला चेक राष्ट्रीय कॉर्पसचा (संगणकीय मजकूरसंग्रहाचा) 'इंटरकॉर्प' फार उपयोगी पडतो. नियतकालिकांपैकी प्रागचं 'स्लाविया', ल्युब्ल्यानाचं 'स्लाविस्तिच्ना रेविया' आणि लंडनचं 'स्लाव्होनिक अँड ईस्ट युरोपियन रिव्ह्यू' चाळायची सवय लावा. न मिळालेल्या लेखासाठी लेखकाला नम्रपणे पत्र लिहा. मला बहुतेक वेळा उत्तर आलं आहे.

आठवी पायरी: नावं देवनागरीत

ही कामाच्या पहिल्या दिवशी ठरवायची गोष्ट आहे. रशियन 'त्स' आणि 'च' ही दोन वेगळी अक्षरं आहेत. आपल्या कानाला दोन्ही ओळखीची आहेत: 'चांगला'मधला च पहिला, 'चिमणी'मधला दुसरा. पण लिहिताना आपण दोन्हींना एकच च वापरतो. म्हणून पहिल्यासाठी 'त्स' लिहायचं असा नियम करा आणि तो मोडू नका. पोलिश नाव इंग्रजी अक्षरांवरून वाचू नका. मित्स्क्येविचला 'मिकीविझ' लिहिलेलं मी छापील मराठीत पाहिलं आहे. रोमन लिपीत लिहिताना प्रमाण शास्त्रीय लिप्यंतर वापरा, आणि युक्रेनियन नावं युक्रेनियन उच्चारावरून लिहा, रशियनवरून नको. निबंधाच्या सुरुवातीला दोन ओळींत आपला नियम सांगा.

नववी पायरी: पहिला निबंध आणि पहिली परिषद

स्लाव्हिक अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद १९२९ मध्ये प्रागला पहिल्यांदा भरली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती साधारण पाच वर्षांच्या अंतराने वेगवेगळ्या देशांत भरते. तिथे लगेच जायचं नाही. तरुण स्लाव्हिक अभ्यासकांसाठी प्राग, बुडापेस्ट आणि जर्मनभाषक विद्यापीठांमध्ये वेगळ्या बैठका होतात. पीएचडी करणारे आणि नुकतेच एमए झालेले तिथे बोलतात. वातावरण मोकळं असतं, आणि अर्धवट काम मांडलं तरी चालतं. पहिल्या वेळी तिथेच जा.

निबंधाचा सारांश लिहिताना चार गोष्टी द्या: कोणत्या दोन संहिता, कोणता प्रश्न, कोणता पुरावा तुम्ही स्वतः पाहिला, आणि आतापर्यंत काय दिसलं. 'विविध पैलूंचा वेध घेण्यात येईल' असं वाक्य आलं तर खोडा. निबंधात उतारे मूळ भाषेत द्या, खाली तुमचं भाषांतर. वीस मिनिटांत तीन उताऱ्यांपेक्षा जास्त मावत नाहीत. प्रश्नोत्तरांत 'हे मी अजून तपासलेलं नाही' असं सांगायला संकोच करू नका. तुमच्या क्षेत्रातले जाणकार त्या उत्तराचा मान राखतात.

दहावी पायरी: घराजवळचे विषय

अफनासी निकितिन हा त्वेरचा व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला आणि त्याने पावसाळा जुन्नरला काढला. त्याचं 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' हे जुन्या रशियन साहित्यातलं महत्त्वाचं पुस्तक आहे आणि त्यात तुर्की, फारसी, अरबी शब्दांची सरमिसळ आहे. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांनी मागे ठेवलेल्या आठवणी पोलिशमध्ये आहेत, आणि आसपासच्या गावांत ऐकलेल्या गोष्टी मराठीत. या दोन्ही बाजू एकत्र वाचू शकणारी माणसं फार थोडी आहेत. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये सोव्हिएत संघात गेले, त्यांनी त्यावर प्रवासवर्णन लिहिलं आणि त्यांचं साहित्य रशियनमध्येही गेलं. मॉस्कोच्या प्रकाशनांची मराठी पुस्तकं तुमच्या आजोबांच्या कपाटात असतील. त्यांचे अनुवादक कोण, थेट रशियनमधून की इंग्रजीतून, हे कोणीतरी नीट नोंदवायला हवं.

आणि पहिल्या आठवड्यात करायचं काम हे. एक मोठा कागद घ्या आणि त्यावर तीन उभे रकाने आखा. पहिल्यात 'ला गुझला'तलं व्हेनिसमध्ये अडकलेल्या मोर्लाखचं (डाल्मेशियाच्या डोंगराळ भागातल्या माणसाचं) गीत लिहा, दुसऱ्यात मित्स्क्येविचचं पोलिश रूपांतर, तिसऱ्यात पुश्किनचं त्याच गीताचं रशियन रूप, 'व्लाख व्ह वेनेत्सी'. पुश्किनच्या शेवटच्या ओळींत तो परका माणूस स्वतःला वादळाने तळ्यात आणून टाकलेली मुंगी म्हणतो. ही मुंगी मेरिमेकडे कशी आहे, पोलिशमध्ये तिचं काय झालं, रशियन ओळीत तिला कोणती लय मिळाली, हे शब्दाला शब्द लावून बघा. मग कागदाच्या कडेला एकच गोष्ट लिहा: यातलं काय फ्रेंच गद्यात नाही. तिथून तुमचा निबंध सुरू होईल.